सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटच्या माऊथपीसचे मोजमाप आणि रिफेसिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील बँड पथकांतले आणि ऑर्केस्ट्रातले वादक, तसेच नव्याने शिकू लागलेली मुले व त्यांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मापे शक्यतो मिलिमीटरमध्ये दिली असून, जिथे या कामात इंचाचीच रीत आहे तिथे दोन्ही मापे दिली आहेत.

१. फेसिंग म्हणजे नेमके काय, आणि रिफेसिंग करताना काय केले जाते?

माऊथपीसच्या ज्या सपाट भागावर रीड (फुंकल्यावर कंप पावणारी पातळ पट्टी) बांधली जाते त्याला टेबल म्हणतात. टेबल जिथे संपते तिथून टोकापर्यंतचा पृष्ठभाग रीडपासून हळूहळू दूर वळत जातो. हा वळणदार भाग म्हणजे फेसिंग. रीडखालच्या उघड्या भागाला खिडकी म्हणतात; तिच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद कडा म्हणजे साइड रेल आणि अगदी टोकाची आडवी कडा म्हणजे टिप रेल. टिप रेल आणि रीडचे टोक यांच्यातील अंतराला टिप ओपनिंग म्हणतात. पुढे त्याचा उल्लेख ‘टोकाची फट’ असा केला आहे. ४४० हर्ट्झचा सूर वाजत असताना रीड सेकंदाला ४४० वेळा या वळणाकडे झुकते आणि परत उघडते. त्यामुळे वळणातला डोळ्यांना न दिसणारा उंचवटासुद्धा ओठांना आणि श्वासाला जाणवतो.

रिफेसिंगमध्ये आधी टेबल सपाट करतात, मग दोन्ही रेल एकसारख्या करून वळण ठरवलेल्या मापांवर आणतात आणि शेवटी टिप रेल व तिच्यामागचा उतार, म्हणजे बॅफल, जुळवून घेतात. हा क्रम बदलता येत नाही, कारण बाकीची सगळी मापे टेबलापासूनच घेतली जातात.

२. माऊथपीसवर ‘४सी’, ‘बी४५’, ‘७ स्टार’ असे छापलेले असते. तेच त्याचे माप नाही का?

नाही. ते त्या कंपनीच्या मालिकेतील नाव आहे. यामाहाच्या क्लॅरिनेटच्या ४सी माऊथपीसची फट १.०५ मिमी असते, तर त्याच नावाच्या आल्टो सॅक्सोफोनच्या माऊथपीसची १.६० मिमी. व्हँडोरेनचा बी४५ १.१९५ मिमीचा आणि त्याच कंपनीचा ५आरव्ही लायर १.०९ मिमीचा असतो. हा फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा असूनही कोणत्याही क्लॅरिनेट वादकाला पहिल्याच फुंकरीत कळतो. आल्टोसाठी सेल्मरचा एस८० सी स्टार १.७० मिमीचा, तर मेयरचा ५ क्रमांक ०.०७१ इंचाचा, म्हणजे सुमारे १.८० मिमीचा असतो. टेनरचा ऑटो लिंक ७ स्टार ०.१०५ इंचाचा, म्हणजे २.६७ मिमीचा असतो. एका कंपनीचा ५ दुसऱ्या कंपनीच्या ५ शी जुळेलच असे नाही. शिवाय छापील माप आणि हातातल्या नगाचे माप यांत काही शतांश मिलिमीटरचा फरक सहज निघतो. जुन्या वापरलेल्या माऊथपीसच्या बाबतीत तर छापील नावावर अजिबात विसंबू नये.

३. माझ्या माऊथपीसला रिफेसिंगची गरज आहे हे मी कसे ओळखू?

आधी बाकीची कारणे बाजूला काढा. ‘सूर उशिरा लागतो, मंद्रातले स्वर फुटतात’ अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा दोष वाद्याच्या गळक्या पॅडमध्ये किंवा वाकलेल्या रीडमध्ये असतो. तीच तक्रार दुसऱ्याच्या वाद्यावर आणि नव्या रीडवरही कायम राहिली, तरच माऊथपीसचा संशय घ्यावा.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. ओली रीड नीट बांधा, माऊथपीसचे मागचे भोक तळहाताने घट्ट बंद करा, पुढून हवा ओढून घ्या आणि माऊथपीस तोंडातून काढा. रीड क्षणभर टोकाला चिकटून राहिली आणि मग ‘टप्’ असा आवाज करून सुटली, तर रीड दोन्ही रेलवर आणि टोकाशी नीट टेकते असे समजावे. ती चिकटतच नसेल तर कुठून तरी हवा गळते आहे. तीन-चार वेगवेगळ्या रीडने हेच घडले, तर माप घेण्याची वेळ आली. मात्र ही चाचणी उत्तीर्ण झालेला माऊथपीस चांगला वाजेलच असे नाही. ती फक्त गळतीबद्दल सांगते, वळणाच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही.

४. माप घ्यायला कोणती साधने लागतात? ती नागपुरात मिळतील का?

मूळ साधने तीन. पहिले, अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा कोरलेली काचेची पट्टी. दुसरे, ठरावीक जाडीच्या फीलर गेजच्या पात्या. तिसरे, टोकाची फट मोजण्यासाठी निमुळता गेज किंवा डायल गेज. फीलर गेज गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तेच असते आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. रेघांची काच मात्र बहुधा बाहेरून मागवावी लागते. ती मिळेपर्यंत चांगल्या फ्लोट काचेच्या तुकड्याखाली बारीक छापलेली मोजपट्टी चिकटवून काम भागवता येते. रेघा माऊथपीसला टेकणाऱ्या बाजूला असाव्यात, नाहीतर काचेच्या जाडीमुळे वाचन चुकते.

क्लॅरिनेटसाठी रूढ पात्या ०.००१५, ०.०१०, ०.०२४ आणि ०.०३४ इंचाच्या, म्हणजे अनुक्रमे ०.०३८, ०.२५४, ०.६१ आणि ०.८६ मिमीच्या असतात. सॅक्सोफोनसाठी त्यांत ०.०५० इंचाची (१.२७ मिमी) पाती वाढवतात. ही पद्धत अमेरिकेतील एल्कहार्टचे वाद्यदुरुस्तीतज्ज्ञ एरिक ब्रँड यांच्या नावाने ओळखली जाते. हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करणारे कोणी ओळखीचे असेल, तर एकदा आपल्या पात्यांची जाडी मायक्रोमीटरवर तपासून घ्यावी. स्वस्त गेजमधल्या सर्वांत पातळ पातीत होणारी चूक सगळे माप बिघडवते, ते कसे हे प्रश्न ७ मध्ये दिले आहे.

५. फीलर नेमका कसा सरकवायचा? दर वेळी वेगळे माप येते.

माऊथपीस आणि काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. टेबलावर रीडचा वाळलेला थर असेल तर तो आधी धुऊन काढा, कारण तेवढ्याने पहिले माप बदलते. काच टेबलावर सपाट टेकवा आणि तिची शून्याची रेघ माऊथपीसच्या टोकाशी अचूक जुळवा. आता टोक वर करून दोन्ही एका हातात धरा; अंगठ्याचा दाब टेबलाच्या मध्यावर असावा, खिडकीवर नसावा. पाती वरून काच आणि रेल यांच्या फटीत सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली उतरली पाहिजे. फार तर बोटाने हलकी टिचकी द्या, पण दाबू नका. दाबलेली पाती पाचरीसारखी आत शिरते आणि काच उचलते. दर वेळी वेगळे माप येण्याचे कारण बहुतेक हेच असते.

पाती थांबली की तिची खालची कडा काचेच्या रेघांना समांतर आहे का ते पाहा आणि डाव्या व उजव्या रेलवरचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. पाती तिरकी थांबणे म्हणजे रेल असमान असणे (प्रश्न ८ पाहा). प्रत्येक पाती निदान तीनदा सोडा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर हात सुधारा आणि तोवर घासायच्या वॉटर पेपरला हात लावू नका.

६. ‘३४-२१-१०-४’ असे आकडे कोणी लिहून दिले तर त्यांचा अर्थ काय?

हे चार पात्यांचे, अर्ध्या मिलिमीटरच्या एककातले आकडे आहेत. सर्वांत पातळ पाती टोकापासून ३४ रेघांवर, म्हणजे १७ मिमीवर थांबली, पुढची १०.५ मिमीवर, तिसरी ५ मिमीवर आणि सर्वांत जाड पाती २ मिमीवर. पहिला आकडा फेसिंगची लांबी म्हणून सांगतात.

एखाद्या पातीचा आकडा मोठा आला, तर त्या ठिकाणी माऊथपीस अधिक उघडा आहे आणि छोटा आला तर तिथे साहित्य जास्त आहे. वरचे चार आकडे १.०५ मिमी फट असलेल्या क्लॅरिनेटच्या जवळजवळ शुद्ध वर्तुळाकार वळणाचे आहेत. त्याऐवजी ३४-१९-१०-४ आले, तर दुसऱ्या पातीपाशी उंचवटा आहे. रीड तिथे अडखळते आणि मधल्या सप्तकात घरघर जाणवते.

७. कंपनीने दिलेल्या लांबीपेक्षा माझे माप कमी येते. माऊथपीस झिजला आहे का?

कदाचित नाही. वळण टेबलापासून इतके हळू सुरू होते की त्याची खरी सुरुवात कोणत्याही पातीने सापडत नाही. पाती तिच्या जाडीइतकी फट असेल तिथेच थांबते. वर्तुळाकार वळणात फट ही सुरुवातीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे निम्म्या अंतरावर फट टोकाच्या एक चतुर्थांशच असते. १.०५ मिमी फटीच्या माऊथपीसवर ०.०३८ मिमीच्या पातीने १७ मिमी लांबी मोजली, तर वळणाची खरी सुरुवात टोकापासून सुमारे २१ मिमीवर असते. त्याच माऊथपीसवर गॅरेजच्या गेजमधली ०.०५ मिमीची पाती वापरली तर माप १६.४ मिमीच्या आसपास येते. केवळ एका शतांशाहून थोड्या जास्त जाडीने लांबी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक कमी दिसली.

म्हणून लांबी सांगताना ती कोणत्या पातीने मोजली हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आपल्या वहीत पातीची जाडी प्रत्येक नोंदीशेजारी लिहावी, असा माझा आग्रह आहे.

८. डावी आणि उजवी रेल सारखी नाही. किती फरक चालतो?

पातळ पातीवर एका रेघेचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा फरक बहुतेक वादकांना जाणवत नाही. जसजसे टोकाकडे जावे तसतसा तेवढाच फरक अधिक बोलतो, कारण टोकाशी वळण सर्वांत तीव्र असते. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर रीड एका बाजूने आधी बंद होते. मग वादक नकळत माऊथपीस तोंडात किंचित फिरवून धरू लागतो किंवा रीड एका बाजूला सरकवून बांधतो. कोणाची रीड नेहमी तिरकी बांधलेली दिसली, तर त्याच्या सवयीला नावे ठेवण्याआधी माऊथपीस मोजून पाहावा.

९. टेबल मधोमध किंचित खोलगट आहे. तो दोष आहे का?

तो हेतुपुरस्सरही असू शकतो. काही कारागीर टेबल मध्यभागी अगदी थोडे खोलगट ठेवतात, म्हणजे भिजून फुगलेल्या रीडला जागा मिळते. खोलगटपणा लांबीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखा असेल आणि खिडकीपाशी टेबलाची कडा काचेला पूर्ण टेकत असेल, तर त्याला हात लावू नये. याउलट फुगीर टेबल हा निर्विवाद दोष आहे. त्यावर रीड डुलते आणि लिगेचर (रीड आवळून धरणारा पट्टा) जरा घट्ट केले तरी फट बदलते. काच टेबलावर ठेवून तिच्या दोन टोकांवर आळीपाळीने बोट टेकवले असता काच खुटखुटली, तर टेबल फुगीर आहे.

१०. प्रत्यक्ष घासण्याची पद्धत कशी असते? मी घरी करू शकतो का?

करू शकता, पण सुरुवात टाकून द्यायच्या माऊथपीसवर करावी, आवडत्या माऊथपीसवर मुळीच नाही.

आठ-दहा मिलिमीटर जाडीची फ्लोट काच घ्या. तिच्यावर वॉटर पेपर ओला करून पसरा. पाण्यामुळे तो काचेला चिकटून राहतो. साहित्य काढायला ४०० नंबर, आकार आणायला ६०० आणि शेवटी १००० किंवा १५०० पुरतो. इबोनाइटच्या, म्हणजे माऊथपीसच्या काळ्या कडक रबराच्या, धुळीत गंधक असते, त्यामुळे नेहमी ओलेच घासावे.

टेबलावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढा. माऊथपीस टेबलाच्या वर, खिडकीच्या मागे धरून हलक्या हाताने लांबीच्या दिशेने ओढा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की टेबल सपाट झाले. ध्यानात ठेवा, टेबलातून साहित्य निघाले की फेसिंग आखूड होते आणि टोकाची फटही कमी होते. त्यामुळे टेबलानंतर सगळी मापे पुन्हा घ्यावीच लागतात.

मग वळण. माऊथपीस कागदावर टेकवून, टेबलाच्या कडेपासून टोकाकडे उचलत नेत एकाच सलग हालचालीत ओढा. पुन्हा रेलवर पेन्सिल फिरवा, दोन-तीन वेळा ओढा आणि पेन्सिल कुठून गेली ते पाहा. ज्या पातीचा आकडा लक्ष्यापेक्षा छोटा आहे तेवढ्याच भागावर काम करा. आकडा लक्ष्यापेक्षा मोठा झाला तर तिथे साहित्य परत घालता येत नाही (प्रश्न १५ पाहा). घासण्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ मोजण्याला लागतो आणि तसाच लागायला हवा.

११. रिफेसिंग झाल्यावर माऊथपीस चिरकतो किंवा जड वाजतो. असे का?

फेसिंग घासले की टिप रेल रुंद होते, कारण तिच्यामागचा बॅफल उतरता असतो आणि आपण त्या उताराला वरून कापत जातो. रुंद टिप रेलमुळे सूर सुरू व्हायला वेळ लागतो आणि हळू वाजवताना आवाज नाहीसा होतो. म्हणून शेवटी बारीक कानशीने बॅफलच्या बाजूने ती पुन्हा अरुंद करावी लागते. ती अतिशय पातळ किंवा मध्येच तुटक झाली तर मात्र चिरकण्याचा त्रास सुरू होतो. अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या दरम्यानची, सगळीकडे सारख्या रुंदीची रेल हे सुरक्षित लक्ष्य आहे. क्लॅरिनेटचा बॅफल खोल करण्याची घाई करू नये, कारण त्याने आवाजातला सगळा तजेला जातो.

१२. वरातीत आणि मारबतीच्या मिरवणुकीत आवाज लांब जायला हवा. फट मोठी करून द्याल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि माझे उत्तर बहुधा नकारार्थी असते. फट वाढवली की तेवढ्याच ताकदीची रीड जड वाटते, म्हणून वादक मऊ रीड घेतो आणि मिळालेला फायदा तिथेच संपतो. वर दोन-तीन तास चालत वाजवताना ओठ थकतात, सूर उतरू लागतो आणि तार सप्तक आवळून वाजवावे लागते. मोकळ्या जागेत आवाज लांब जातो तो मुख्यतः त्यातल्या तीव्र वरच्या स्वरांशांमुळे, आणि ते बॅफलच्या उंचीवर जास्त अवलंबून असतात. सॅक्सोफोन वादकाने मिरवणुकीसाठी उंच बॅफलचा वेगळा माऊथपीस ठेवावा, हे दोन्ही कामे एकाच माऊथपीसकडून करून घेण्यापेक्षा कितीतरी बरे.

मींड आणि गमक वाजवणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांना फट तीच ठेवून फेसिंग एक-दोन रेघांनी लांब करून दिल्यास ओठाने सूर वाकवणे सोपे जाते. हा बदल मी आनंदाने सुचवतो.

१३. नागपूरच्या उन्हाळ्याचा माऊथपीसवर परिणाम होतो का? माझा काळा माऊथपीस हिरवट झाला आहे.

होतो. इबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. ऊन आणि हवा यांमुळे त्याचा पृष्ठभाग हिरवट-तपकिरी होतो, गंधकाचा वास येतो आणि जिभेला कडवट चव लागते. हा रंगबदल फेसिंगचा दोष नाही आणि केवळ त्यासाठी रिफेसिंग करू नये. उष्णतेचा धोका मात्र खरा आहे. पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला माऊथपीस वाकू शकतो आणि वाकलेले टेबल आपोआप सरळ होत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणीही तापलेले असते. माऊथपीस माठातल्या किंवा साध्या गार पाण्यानेच धुवावा.

रीडचा त्रास त्याहून मोठा. कूलरच्या ओलसर हवेत सरावाला बसलेली रीड संध्याकाळी बाहेरच्या कोरड्या हवेत काही मिनिटांत सुकते आणि तिचे टोक लाटेसारखे होते. एप्रिल-मे महिन्यांत अचानक सुरू झालेल्या तक्रारीसाठी आधी रीड काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहा. माऊथपीस रातोरात बदलत नाही.

१४. धातूचा माऊथपीस रिफेस करता येतो का?

येतो. पद्धत तीच, फक्त काम सावकाश होते. सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा मात्र घासलेल्या भागावरून निघून जातो आणि खालचे पितळ उघडे पडते. लेथवर कापण्याजोग्या पितळेत बहुधा थोडे शिसे असते, त्यामुळे तोंडात जाणारा भाग उघडा ठेवण्यापेक्षा त्यावर पुन्हा मुलामा चढवून घ्यावा. मुलाम्यानंतर मापे पुन्हा घ्यावीत, कारण जाड थराने टोकाची फट बदलते.

१५. जुना क्लॅरिनेट कीबोर्डच्या सुरात येत नाही. रिफेसिंगने सूर जुळेल का? आणि कोणीतरी आधीच जास्त घासलेला माऊथपीस वाचतो का?

पहिल्या भागाचे उत्तर नाही असे आहे. आपल्याकडच्या काही जुन्या बँड पथकांत अजून ब्रिटिश काळातली वाद्ये आहेत आणि त्यांतली काही ‘हाय पिच’ची, म्हणजे ए सूर सुमारे ४५२ हर्ट्झला धरून बनवलेली आहेत. ४४० पासून हा फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा आहे. माऊथपीस बाहेर ओढून एखादा स्वर जुळवला तरी बाकीचे स्वर एकमेकांपासून फाटतात, कारण भोकांमधली अंतरे तशीच राहतात. रिफेसिंगने होणारा बदल याच्या तुलनेत फारच लहान असतो. बॅफलमधून साहित्य निघाल्याने चेंबरचे, म्हणजे माऊथपीसच्या आतल्या पोकळीचे, आकारमान किंचित वाढते आणि सूर थोडा उतरतो. तो माऊथपीस जरा आत ढकलून भरून काढता येतो, एवढेच.

दुसऱ्या भागाचे उत्तर मापावर अवलंबून आहे. फट जास्त मोठी झाली असेल, पण टेबल जाड असेल, तर टेबल घासून फट कमी करता येते आणि वळण नव्याने आखता येते. आल्टोचा १.९ मिमीचा माऊथपीस १.७ वर आणणे हे नेहमीचे काम आहे. टोकाला कपची उडाली असेल तर कपचीच्या मागेपर्यंत टोक मागे घेता येते, मात्र त्याने माऊथपीस आखूड होतो आणि कपची अर्ध्या मिलिमीटरहून खोल असेल तर मी ते काम घेत नाही. टेबल आधीच इतके खाली गेले असेल की भोक आणि टेबल यांच्यामधली भिंत प्रकाशासमोर धरल्यावर पातळ दिसते, तर तो माऊथपीस सरावासाठी ठेवून द्यावा. प्रश्न १० मध्ये सांगितलेली पेन्सिल आणि वॉटर पेपरची पहिली कामे त्याच्यावरच करावीत.